रिसीव्हिंग ट्रे, नग एक

मंगळवार, ऑगस्टचा शेवटचा आठवडा. वेळ सकाळी साडेदहा. जागा, जोयड्यातल्या आमच्या ऑफिसची मागची खोली. हजर: कारवारहून तपासणीला आलेले साहेब, आमची कॉम्प्युटर ऑपरेटर, आमचे अटेंडर मामा, आणि मी, हेडक्लार्क. गैरहजर: करंट. तो पहाटेपासूनच नव्हता, म्हणून टेबल खिडकीशी ओढून घेतलं.

कामं दोन होती आणि एकमेकांत अडकलेली. जुनं यंत्रसामान भंगारात काढायचं होतं, ते न्यायला शुक्रवारी गाडी येणार होती. आणि त्याच शुक्रवारी मामा निवृत्त होणार होते. मागच्या खोलीतल्या सगळ्या सामानाचा ताबा सत्तावीस वर्षं त्यांच्याकडे. रजिस्टरातली एकेक वस्तू साहेबांना दाखवायची, साहेबांनी टिक करायची, आणि सगळ्या टिका झाल्या की मामांना ‘ताब्यातलं सर्व साहित्य मिळालं’ असा कागद द्यायचा. एक वस्तू कमी भरली तर कागदावर शेरा, आणि शेऱ्यामागून चौकशी. निवृत्त माणसाने मग कारवारला खेपा घालायच्या. मामांच्या नावावर तोवर एकही शेरा नव्हता. मला हे पक्कं माहीत, कारण शेऱ्यांची वही माझ्याच कपाटात असते.

मामा त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. धुळीच्या कामाला इस्त्रीचा शर्ट कशाला, असं मी विचारलं.

"साहेब टिक करणार न्हवं माझ्यावर," ते म्हणाले. "जरा बरं दिसाय पायजे."

आमच्या ऑफिसात लिहिणं कन्नडमध्ये, बोलणं मराठी-कोकणीत, आणि यंत्रांची नावं इंग्रजी. मी मूळ खानापूरकडची, वाढले रामनगरला. नोकरीला लागले तेव्हा यंत्र म्हणजे टाइपरायटर एवढंच ठाऊक होतं. मग एकामागून एक खोकी यायला लागली आणि प्रत्येक खोक्यातून यंत्राच्या आधी शब्द बाहेर पडायचे. ते मी डायरीच्या मागच्या पानांवर मराठीत उतरवून ठेवले. टोनर: शाईची कोरडी पूड, फुंकर मारू नये. ड्रम: ज्याच्यावर ही पूड चिकटते तो नळा, बोट लावू नये. हब: सगळ्या वायरी जिथे येऊन मिळतात ती डबी, दिवे हिरवे असावेत. हँडशेक: दोन फॅक्स मशीनांची ओळख पटताना होणारा आवाज. जवळजवळ प्रत्येक शब्दापुढे काय करू नये ते लिहिलेलं आहे. तेव्हा भीतीच तेवढी होती. एक यंत्र बिघडलं तर दुरुस्तीचा माणूस दांडेलीहून यायला आठवडा लागायचा.

मी वाचायला सुरुवात केली. मी नाव वाचायचं, मामांनी वस्तू उचलून दाखवायची, ऑपरेटरने फडक्याने पुसून नंबर सांगायचा, साहेबांनी टिक.

"डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, नग एक."

"ह्यो बगा किरकिऱ्या." मामांनी तो पोटाशी धरून आणला, मांजर आणावं तसा.

किरकिऱ्याचा आवाज बाहेर बस स्टँडपर्यंत जायचा. महिनाअखेरीला तो दिवसभर चालायचा आणि आम्ही एकमेकांशी खुणांनी बोलायचो. त्याच्या कागदाला दोन्ही कडांना भोकांच्या पट्ट्या असत, दातेरी चाकं त्या भोकांत दात घालून कागद ओढायची. एखादं भोक चुकलं की सगळा कागद तिरका. मामा त्याच्यापाशी स्टूल टाकून बसायचे आणि कागद दोन्ही हातांनी वर सोडत राहायचे. मी त्यांना म्हणायचे, ते आपोआप ओढतं, तुम्ही कशाला बसता? ते म्हणायचे, बैल पण आपोआप ओढतो, म्हणून कोण सोडून जातं काय?

"पेपर कॅबिनेट, नग एक."

हे कपाट म्हणजे आमच्या ऑफिसची खास रीत. इथल्या पावसात कागद ओल धरतो. ओला कागद प्रिंटरमध्ये घातला की दोन-दोन, तीन-तीन एकदम जातात आणि आत अडकतात. कुठल्याही मॅन्युअलमध्ये यावर उपाय नव्हता. मामांनी कपाटाच्या तळाच्या खणात साठचा बल्ब बसवला आणि मिरगापासून दिवाळीपर्यंत तो जळत ठेवला. वरच्या खणांत कागदाची रिमं, फॅक्सचे रोल, आणि कोपऱ्यात कुणाकुणाच्या ओल्या टोप्या नि मोजे. कपाट उघडलं की गरम कागदाचा वास यायचा. तो वास मला अजून आवडतो. साहेबांनी कपाट उघडलं तेव्हा मी मुद्दाम पुढे वाकले, पण बल्ब कधीच काढलेला, आत नुसता गंज.

"नेटवर्क केबल, तीनशे मीटर."

"एवढी आहे?" साहेबांनी वेटोळ्याकडे पाहिलं.

"उंदरांनी खाल्ली ती धरून," मामा म्हणाले.

उंदरांनी खाल्ली ते खरं, पण थोडी माटोळीलाही गेली होती. केबलच्या आवरणात रंगीत वायरींच्या चार जोड्या असतात. टोकाला प्लग बसवताना कापलेले तुकडे मामा जमवून ठेवायचे आणि चवथीला घरी गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या माटोळीच्या चौकटीत रानफळं त्या तुकड्यांनीच बांधायचे. नारिंगी-पांढऱ्याने कौंडळ, निळ्याने सुपारीचा घड. एका वर्षी मी बघायला गेले होते. दिग्गीतल्या त्या घरात तेव्हा फोन नव्हता, पण गणपतीवर नेटवर्क पूर्ण होतं. हे साहेबांना सांगायचं मी टाळलं. कापलेल्या टोकांची नोंद ठेवायची असते की नाही, हे मला आजही नक्की माहीत नाही.

बारा वाजेपर्यंत सोळा वस्तू झाल्या. मग फॅक्सवर आलो.

फॅक्स मी नोकरीला लागल्यावर चार महिन्यांनी आला आणि मामा लागल्यावर महिनाभरात. तेव्हा ते मामा नव्हते, तिशीतले गडी होते. मामा नाव नंतर पडलं आणि चिकटलं. जोयड्यात तेव्हा फॅक्स मोजकेच. अणशीकडची, दिग्गीकडची माणसं आमच्याकडे येऊन बसायची. कुणाला नोकरीचं बोलावणं, कुणाला परीक्षेचा कागद. घंटा वाजली की मामा मशीनला कान लावायचे. आधी लांब शिट्टी, मग खरखर, मग दोन सूर एकमेकांना चाचपायचे. मामा हात वर करून सगळ्यांना गप्प करायचे आणि म्हणायचे, "पटलं." मगच माणसं श्वास सोडायची.

फोनची तार जंगलातून यायची. कागदावर आडव्या पांढऱ्या रेघा आल्या की मामा तो उजेडात धरायचे. "बांबू लागलाय तारेला," किंवा "सांध्यात पाणी गेलंय." लाइनमनही त्यांनाच विचारून निघायचा. आणि कागद बाहेर येताना मामांनी बनवून आणलेल्या बांबूच्या ट्रेमध्ये अलगद पडायचा. बारीक बेळांचा, म्हणजे बांबूच्या कामट्यांचा, कडेला दुहेरी वीण, पुढे जरा उचललेला. पाहुणे आले की आम्ही तो दाखवायचो.

"फॅक्स मशीन, नग एक."

टिक.

"हँडसेट, नग एक."

टिक.

"रिसीव्हिंग ट्रे, नग एक."

मामांनी बांबूचा ट्रे उचलला. दरवर्षी मोजणीला ते तसाच उचलायचे आणि दरवर्षी मी मान वर न करता टिक करायचे. साहेबांनी मान वर केली.

"हे काय?"

"ट्रे."

"हा बांबूचा आहे."

"व्हय."

"फॅक्सच्या कंपनीने बांबूचा ट्रे दिला?"

ऑपरेटर फसकन हसली आणि फडकं तोंडाशी नेलं. मामा हसले नाहीत. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला, सरळ केला.

"कंपनीचा माझ्याकडनं पडला," ते म्हणाले. "अणशीत."

मी पेन खाली ठेवलं. सत्तावीस वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

"खोकं आणायला मलाच कारवारला लावलं होतं," मामा सांगू लागले. "येताना घाटात दरड पडलेली. कंडक्टर म्हटला, उतरा, पलीकडं दुसरी गाडी हाय. खोकं डोसक्यावर घेतलो. चिखलात पाय ऱ्हात न्हवता. पलीकडं जाऊन बघतो तर खोक्याचं बूड भिजून फाटलेलं, हात जाईल एवढं भोक. हितं आलो. ह्या अक्कांनी यादी वाचली, मी एकेक काढून ठेवलो. सगळं मिळालं. ट्रे न्हाई."

"मग तू सांगितलं का नाहीस?" साहेबांनी विचारलं.

"नोकरीचा पयला म्हैना, साहेब. पयलंच काम सांगितलेलं. पयल्याच कामात वस्तू पाडलो म्हणून सांगू? मी म्हटलो, हाय, खोक्यात हाय. अक्कांनी टिक केली. मी सही केलो."

आणि तीन आठवड्यांनी बांबूचा ट्रे आला होता. मला आठवलं. मी तेव्हा म्हणाले होते, कित्ती हौशी हो तुम्ही.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी रजिस्टर आपल्याकडे ओढून ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, "नाइलाज आहे. वस्तू हरवली, ताबेदार कबूल करतो, असं लिहावं लागेल. जेवून येतो, तोवर मसुदा करा. वस्तूचं वर्णन नीट घाला. मॉडेल, माप, सगळं."

ते गेले. मामा बाहेर पायरीवर जाऊन बसले, त्या इस्त्रीच्या शर्टात. ऑपरेटरने डबा उघडून त्यांच्यापुढे धरला, त्यांनी हात हलवला.

वर्णन घालायचं तर वस्तू बघायला हवी. मी कधीच काही टाकत नाही. फॅक्सचं मॅन्युअल माझ्या कपाटात खालून दुसऱ्या खणात होतं, प्लास्टिकच्या पिशवीत, वर माझ्या तेव्हाच्या गोल अक्षरात ‘फॅक्स’. चौथ्या पानावर मशीनचं चित्र, भागांना बाणांनी जोडलेले आकडे, एक ते नऊ. मी ओळखलंच ते पान. रजिस्टरातली फॅक्सची नोंद मी त्यावरूनच उतरवली होती. ओळीने आकडे होते, स्वच्छ छापलेली नावं होती, मला फार आवडलं होतं. सात, रिसीव्हिंग ट्रे. सातापुढे एक चांदणी. पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, पुन्हा ती चांदणी आणि तिच्यापुढे एक ओळ: हा भाग यंत्राबरोबर येत नाही, वेगळा घ्यावा लागतो.

पिशवीत एक चुरगळलेली चिठ्ठीही होती. खोक्यात काय काय भरलंय त्याची कंपनीची यादी. मशीन, हँडसेट, वायर, रोल, पुस्तक. ट्रे नाही. ती चिठ्ठी तेव्हा मी बघितली होती की नाही, आठवत नाही. बघितली असली तरी चित्रातली यादी जास्त देखणी होती.

मी मॅन्युअल घेऊन पायरीवर गेले आणि मामांच्या शेजारी बसले.

"मामा, ट्रे पडला नव्हता. ट्रे आलाच नव्हता. मी चुकीचं लिहिलं."

त्यांनी पान हातात घेतलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. मी दाखवलेल्या चांदणीवर त्यांनी बोट ठेवलं.

"ह्या चांदणीपायी?"

"व्हय," मी म्हणाले.

त्यांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "अक्का, दोन रविवार मी अणशीला जाऊन चर हुडकलोय वो. काठी घेऊन. पायाला जळवा. दरड काढणारी माणसं इचारत होती, काय पडलं बाबा? मी म्हटलो, ट्रे. तेंनला वाटलं चहाचा. एकजण म्हटला, ट्रेपायी एवढा जीव काढतोस, कप तरी सापडला काय?"

आणि मग ते हसायला लागले. आधी नुसते खांदे, मग आवाज. ऑपरेटर बाहेर आली. "काय झालं, मामा?" मामांना सांगता येईना, डोळे पुसत त्यांनी माझ्याकडे हात केला. "हिनं... अक्कांनी... न्हाई ती वस्तू मला हुडकाय लावली."

मीही हसले, पण उशिरा आणि नीट नाही. यादीत आहे म्हणजे वस्तू आहे, असं मी आयुष्यभर धरून चालले होते. दुसरं माणूस माझी यादी खरी करण्यासाठी काठीने चिखल उकरत होतं, आणि मी त्याला हौशी म्हणाले होते.

साहेब पान चघळत परत आले. मी मॅन्युअल आणि चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चांदणी बघितली, चष्मा लावून पुन्हा बघितली.

"पण याने पावतीवर सही केली आहे."

"माझ्या यादीवर विश्वासून केली आहे," मी म्हणाले. "शेरा माझ्या नावावर घ्या. मी लिहून देते."

"तुमची अजून दहा वर्षं आहेत नोकरीची, बाई."

"म्हणूनच. मला चौकशीला यायला बस परवडेल. त्यांना दिग्गीहून अख्खा दिवस लागेल."

साहेबांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं. "आयतु," ते कन्नडमध्ये म्हणाले. म्हणजे, झालं. "लिहा."

मी लाल शाईने रजिस्टरातली ती ओळ खोडली, शेजारी कारण लिहिलं, सही केली. मग कपाटातून शेऱ्यांची वही काढली आणि त्यात माझं नाव माझ्याच अक्षरात लिहिलं. ‘नोंद करताना खातरजमा केली नाही.’ अक्षर चांगलं आलं. तेवढ्याने बरं वाटावं असा माझा स्वभाव आहे, त्याला इलाज नाही.

मामांना कागद मिळाला. ताब्यातलं सर्व साहित्य मिळालं. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला, पुन्हा काढला, ऑपरेटरकडे दिला.

"करंट आला की दोन झेरॉक्स काढ. एक घरात लावतो."

"फ्रेम करा, मामा," ती म्हणाली.

"फ्रेम करीन न्हाईतर माटोळीला बांधीन. तुला काय करायचंय?"

उरला बांबूचा ट्रे. साहेब म्हणाले, रजिस्टरात नाही, म्हणजे ऑफिसचा नाही, घरी घेऊन जा. ऑपरेटर चपापली. नव्या प्रिंटरचा कागद झेलायला ती तोच लावते. प्रिंटरला स्वतःची पट्टी आहे, पण पावसात कागद वाकतो आणि घसरून जमिनीवर जातो. मामांनी ट्रे तिच्या टेबलाकडे सरकवला.

"ऱ्हाऊ दे हितंच. आता तेची नोंद करा मात्र. न्हाईतर उद्या कोणतरी भंगारात घालतंय."

"करते," मी म्हणाले. "केव्हा विणलात तुम्ही हा? तारीख लागेल."

मामा गडबडले. "मी कुठं विणलो? मला बेळ काढता येतंय, वीण जमत न्हाई. बायकोनं विणला. घरी जाऊन सांगितलो, सरकारी ट्रे हरवला, नोकरी गेली. ती म्हटली, कसा होता सांग. मी काय बघितलो होतो? पुस्तकातलं चित्र अक्कांच्या टेबलावर होतं, तेवढं. हातानं दाखवलो. तिनं विणला. वर्ष तिला ठावं असंल."

"मग विचारून सांगा. आणि खरं काय झालं तेही सांगा त्यांना."

"ते तुम्हीच येऊन सांगा, अक्का. अजून वर्षातनं एकदा तरी म्हणतीया, ट्रे हरवलेला माणूस, ह्याच्या हातात काय देऊ नका. हाटाला जाताना पिशवी दोन ठिकाणी बांधून देतीया. मी सांगितलो तर म्हणंल, आता रिटायर झालास म्हणून गोष्टी रचतोस. तुम्ही पुस्तक घेऊन या. चांदणी दाखवा."

शुक्रवारी गाडी आली आणि सामान गेलं. किरकिऱ्या मामांनी स्वतः चढवला. दुपारी हार, चहा, दोन भाषणं. संध्याकाळच्या जीपने ते गेले, हातात पिशवी, दोन ठिकाणी बांधलेली.

नवं रजिस्टर मी सोमवारी उघडलं. राऊटर, नग एक. स्विच, नग एक. लेझर प्रिंटर, नग एक. प्रत्येक वस्तू आधी हातात घेतली, मग लिहिली. चौथ्या ओळीत: कागद झेलायचा ट्रे, बांबूचा, नग एक. बनवणाऱ्याच्या रकान्यात ‘मामांची पत्नी, दिग्गी’ असं पेन्सिलने लिहिलं आहे, कारण वैनींचं पूर्ण नाव मला ठाऊक नाही. तारखेचा रकाना रिकामा आहे.

पावसात दिग्गीची जीप ओढ्यापर्यंतच जाते, पुढे चालावं लागतं. ऑपरेटर म्हणते, मीही येते. मॅन्युअल आणि चिठ्ठी पिशवीत भरून दाराजवळच्या खुंटीला टांगून ठेवली आहे. माझ्या वहीत या महिन्याची अकरा कामं होती, दहांपुढे टिक आहे. राहिलेलं एक: दिग्गीला जाऊन वैनींना सांगणे, की ट्रे हरवला नव्हता.